ध्वनीचं पदव्युत्तर शिक्षण: खोली, कान आणि सोबती

पदवीचं शेवटचं वर्ष सुरू झालं की ध्वनिक्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास येतो: "कुठला कोर्स करू?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न बहुतेकांनी स्वतःला विचारलेलाच नसतो. ध्वनीतलं नेमकं कुठलं काम तुम्हाला करायचंय? सेटवर बूम धरून संवाद टिपणं, गाण्याचं मिक्सिंग करणं, नाट्यगृहाच्या भिंती आणि छत आवाजाच्या हिशोबाने आखणं आणि संगणकाला राग ओळखायला शिकवणं, ही चारही कामं 'ऑडिओ' याच नावाने चालतात. त्यांचे अभ्यासक्रम मात्र वेगळे, प्रवेशाच्या अटी वेगळ्या आणि त्यांत रमणारी माणसंही वेगळ्या घडणीची. हे ठरलं नसेल तर एक वर्ष थांबा, एखाद्या स्टुडिओत किंवा लोकेशनवर मदतनीस म्हणून काम करा आणि मग अर्ज भरा. ते वर्ष वाया जात नाही.

दुसरी गोष्ट मी आग्रहाने सांगेन. केवळ सॉफ्टवेअर शिकायला पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाऊ नका. प्रो टूल्स, लॉजिक, न्यूएंडो यातलं काहीही घरी बसून शिकता येतं, आणि रीपरसारखं सॉफ्टवेअर तर आधी वापरून बघून मग अगदी माफक किमतीत घेता येतं. ज्या संस्थेच्या माहितीपुस्तकाची निम्मी पानं सॉफ्टवेअरच्या नावांनी भरलेली असतात, तिथे पैसे भरण्याआधी दहादा विचार करा. पदव्युत्तर शिक्षणातून तीन गोष्टी मिळायला हव्यात आणि त्या घरी मिळत नाहीत: चांगली खोली, तुमच्या कामावर बोट ठेवणारे तयार कान, आणि बरोबरीने चित्रपट किंवा संगीत करणारे सोबती.

खोलीचं महत्त्व मुलांना सगळ्यात उशिरा कळतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. समजा, तुमची घरची खोली तीन मीटर बाय तीन मीटर आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये तीन मीटर अंतर असेल, तर 57 हर्ट्झच्या आसपासची लहर त्या भिंतींमध्ये अडकून उभी राहते. भिंतीजवळ ती फुगते आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीशी होते. तुमची खुर्ची नेमकी मधोमध असेल, तर ढोलाचा किंवा बास गिटारचा तो भाग तुम्हाला कमी ऐकू येतो आणि तुम्ही तो वाढवत नेता. मग तीच फाइल थिएटरात लावली की सगळा तळ गडगडतो. यात तुमच्या कानांचा काही दोष नसतो. महागडे स्पीकर आणूनही हे सुटत नाही, कारण अडचण स्पीकरमध्ये नसून भिंतींमध्ये असते. नीट बांधलेलं मिक्स थिएटर उभारायला प्रचंड खर्च येतो आणि ते विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नसतं. तिथे तासन् तास बसायला मिळणं हा पदव्युत्तर शिक्षणाचा पहिला फायदा. म्हणून संस्था बघायला गेलात की मिक्सिंग कन्सोलचा फोटो काढून परत येऊ नका. एका विद्यार्थ्याला त्या खोलीत आठवड्याला प्रत्यक्ष किती तास मिळतात, रात्री खोली उघडी असते का, बिघाड झाला तर दुरुस्त करणारा माणूस आवारात आहे का, हे विचारा. उत्तर कार्यालयात मिळेलच असं नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा.

चित्रपटाच्या ध्वनीकडे ओढा असलेल्यांसाठी महाराष्ट्रातलं पहिलं नाव पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचं. प्रभात कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्याला आली. त्याच्या आदल्याच वर्षी तिने 'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट काढला होता. त्याच प्रभातच्या जागेत 1960 साली ही सरकारी संस्था सुरू झाली. 'साउंड रेकॉर्डिंग अँड साउंड डिझाइन' हा इथला तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि दूरचित्रवाणी विभागात ध्वनीचा एक वर्षाचा वेगळा अभ्यासक्रमही आहे. पदवी कुठल्याही शाखेची चालते, मात्र बारावीला भौतिकशास्त्र असावं लागतं. कला शाखेच्या मुलांची इथे निराशा होते, पण या अटीला कारण आहे. लहर, कंपनसंख्या, विद्युतदाब, रोध या कल्पना पक्क्या नसतील, तर मायक्रोफोन का गुरगुरतोय हे तुम्हाला शोधता येणार नाही.

लेखी परीक्षा आणि त्यानंतर मुलाखत असा प्रवेशाचा क्रम असतो. जागा मोजक्या आणि अर्ज देशभरातून. कोलकात्याची सत्यजित रे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटही केंद्र सरकारचीच. ती 1995 साली सुरू झाली आणि तिथेही ध्वनीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मराठी मुलं तिकडे फारसा अर्ज करत नाहीत, हे मला खटकतं. पुण्यात नाव लागलं नाही म्हणून वर्षभर घरी बसण्यापेक्षा कोलकात्याचाही अर्ज भरावा. 2025 साली दोन्ही संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे पदव्यांची नावं, शुल्क, परीक्षेचं स्वरूप यांत बदल होत राहतील. जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर विसंबू नका, चालू वर्षाचं माहितीपत्रक ओळ न् ओळ वाचा.

या दोन संस्थांचं खरं बळ सोबत्यांमध्ये आहे. दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन शिकणारी मुलं त्याच आवारात असतात आणि त्यांच्या फिल्मचा आवाज तुम्हालाच करावा लागतो. दिग्दर्शक म्हणतो, इथे शांतता हवी. मग तुम्ही त्याला दाखवता की सगळे ट्रॅक बंद केले तर शांतता वाटत नाही, प्रोजेक्टर बिघडल्यासारखं वाटतं. लांबून येणारं कुत्र्याचं भुंकणं किंवा नळाची टिपटिप ठेवली, तरच शांतता जाणवते. असे वाद घालत तीन वर्षं काढली की ध्वनी म्हणजे कथा सांगण्याचं काम आहे हे अंगवळणी पडतं. पुढे व्यवसायातलं पहिलं कामही बहुधा याच सोबत्यांकडून येतं. खासगी संस्थांपैकी मुंबईच्या फिल्मसिटीतल्या व्हिसलिंग वुड्सला हाच फायदा आहे, कारण तिथेही चित्रपटाचे बाकीचे विभाग एकाच छताखाली आहेत. शुल्क मात्र सरकारी संस्थांपेक्षा बरंच जास्त. नुसता ध्वनीच शिकवणाऱ्या छोट्या अकादम्यांमध्ये हे सोबती नसतात. तिथे गेलात तर ते बाहेर शोधावे लागतील: एकांकिका स्पर्धांमध्ये, लघुपट करणाऱ्या मित्रांमध्ये, पुण्या-मुंबईच्या प्रायोगिक नाटकवाल्यांमध्ये.

रसूल पूकुट्टी हे पुण्याच्या संस्थेचे 1995 सालचे विद्यार्थी. 2009 साली त्यांना इयन टॅप आणि रिचर्ड प्राइक यांच्याबरोबर 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी ऑस्कर मिळालं. पुरस्काराचं नाव ध्वनिमिश्रण असं होतं, पण त्यातला पूकुट्टींचा वाटा मुख्यतः मुंबईत प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळी टिपलेल्या आवाजाचा होता, हे लक्षात घ्या. मुलांना मिक्सिंगची खुर्ची दिसते आणि उन्हात उभं राहून आवाज टिपणं दुय्यम वाटतं. 2001 च्या 'लगान'ने सिंक साउंड मुख्य धारेतल्या हिंदी चित्रपटात पुन्हा रुजवला. तेव्हापासून चित्रीकरणाच्या जागी संवाद स्वच्छ टिपणाऱ्या माणसांची गरज वाढत गेली आहे. मराठीत तर बोलीभाषांमुळे हे काम आणखी मोलाचं ठरतं. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या नटाचा जिवंत उच्चार डबिंगच्या खोलीत तसाच्या तसा परत मिळेलच, याचा भरवसा नसतो.

ही जागेवरची मेहनत नेमकी कशी असते, तेही बघा. पुण्यातल्या जुन्या वाड्यात स्वयंपाकघराचा प्रसंग आहे, एप्रिलचा महिना, दोन पानांचा संवाद. ध्वनिमुद्रक आधी पंखा बंद करायला सांगतो आणि सगळे त्याच्याकडे रागाने बघतात. मग फ्रिज बंद करायचा. फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, म्हणजे निघताना तो सुरू करायला विसर पडत नाही; लोकेशनवर काम करणाऱ्यांमधली ही जुनी शिस्त आहे. खालच्या पिठाच्या गिरणीवाल्याला अर्धा तास थांबण्याची विनंती करायला कुणाला तरी पाठवायचं. नटीच्या सुती साडीखाली लेपल माइक असा चिकटवायचा की पदर सरकला तरी सळसळ टिपली जाणार नाही. काचेच्या बांगड्या संवादावर किणकिणत असतील तर त्या काढायच्या की ठेवायच्या, हे दिग्दर्शकाला विचारायचं, कारण बांगड्यांचा आवाज कधी संवादाइतकाच बोलका असतो. प्रसंग संपला, सगळ्यांना चहाची घाई झाली, तरी कुणालाही हलू न देता खोलीची नुसती शांतता अर्धा-एक मिनिट टिपायची. हाच रूम टोन. संकलनात दोन वाक्यांमधली फट भरायला दुसरं काही चालत नाही. हे सगळं करताना आवाज चढवायचा नाही आणि कुणाशी भांडायचंही नाही. हा स्वभाव तुमच्याकडे आहे का, हे अर्ज करण्याआधी एखाद्या लघुपटाच्या सेटवर चार दिवस राबून बघता येतं.

आता दुसरी वाट. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकाचे अभियंते असाल, संगीताची आवड असेल, पण सेटवरचं धावतं आयुष्य नको असेल, तर संकेत-प्रक्रिया आणि संगीत-संगणन हा भाग बघा. मराठी घरांत याची कल्पना फारशी कुणाला नसते. आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रा. प्रीती राव यांच्या प्रयोगशाळेत हिंदुस्थानी संगीतातल्या स्वरांवर आणि लयीवर अनेक वर्षं संशोधन झालं आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या झेव्हियर सेरा यांनी 2011 पासून युरोपीय निधीवर 'कॉम्पम्युझिक' हा मोठा प्रकल्प चालवला. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, चिनी आणि अरब-अंदलुसी अशा पाच परंपरांचा त्यात संगणकाच्या मदतीने अभ्यास झाला आणि आयआयटी मुंबई त्यात सहभागी होती. त्याच विद्यापीठात ध्वनी आणि संगीत-संगणनाचा मास्टर्स अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतो. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातलं डिजिटल संगीताचं केंद्र, स्टॅनफर्डचं सीसीआरएमए आणि एडिनबराचा ध्वनिशास्त्र व संगीत-तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम याच कुळातले. इथे गणित आणि प्रोग्रॅमिंग लागतं. मिक्सिंग येतं म्हणून प्रवेश मिळत नाही. पण गाणं शिकलेल्या अभियंत्याला इथे खरी किंमत आहे. मारव्यातला आणि पुरियातला फरक कानाने ओळखणारा माणूस संगणकाला कोणता प्रश्न विचारायचा हे जाणतो. नुसतं कोड लिहिणाऱ्याला ते सुचत नाही. गाण्याच्या क्लासची दहा वर्षं बायोडेटाच्या तळाशी 'छंद' म्हणून टाकू नका, पहिल्या परिच्छेदात लिहा.

तिसरी वाट संगीत-ध्वनिमुद्रणाची, आणि तिचा इतिहास मोठा देखणा आहे. संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांनी 1946 साली शिकागो विद्यापीठाच्या प्रमुखांना पत्र लिहून सुचवलं होतं की, ध्वनीचं काम करणाऱ्यांना संगीत आणि भौतिकशास्त्र दोन्ही शिकवावं. 1949 साली जर्मनीतल्या डेटमोल्ड इथे एरिख टीनहाउस यांनी नेमका असाच अभ्यासक्रम सुरू केला. असं शिक्षण घेतलेल्या माणसाला तिथे 'टोनमाइस्टर' म्हणतात. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात 1970 पासून टोनमाइस्टर अभ्यासक्रम आहे, पण तो पदवी पातळीचा. पदव्युत्तर पातळीवर माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचा ध्वनिमुद्रणाचा मास्टर्स फार मानला जातो. तिथे संगीताची औपचारिक बैठक आणि तांत्रिक पूर्वतयारी दोन्ही मागतात. भारतातून थेट जाणाऱ्यांना आधी काही विषय पुरे करावे लागू शकतात, तेव्हा ते वर्ष खर्चात धरा. जर्मनीतल्या संगीत विद्यालयांमध्ये वाद्य आणि श्रवणज्ञानाची कडक परीक्षा असते, शिवाय भाषा यावी लागते. ब्रिटनमधले बहुतेक मास्टर्स एका वर्षात संपतात. हे स्वस्त वाटतं, पण वर्ष इतकं झपाट्याने जातं की ज्याचा हात आधीच बसलेला आहे त्यालाच त्याचा उपयोग होतो. अगदी नवशिक्याने त्यासाठी कर्ज काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठेही जायचं असलं तरी तयारी कानांची करायची. रोज वीस मिनिटं द्या. एखादं ओळखीचं गाणं घेऊन इक्वलायझरवर एकच पट्टा वाढवायचा आणि तो 250 हर्ट्झचा आहे, 1000 चा की 4000 चा, हे डोळे मिटून सांगायचं. हर्मन कंपनीने यासाठी 'हाऊ टू लिसन' नावाचं मोफत सॉफ्टवेअर काढलं होतं. तसली इतरही साधनं आहेत. आपल्याकडे आणखी एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे तानपुरा. जोडाच्या तारा छेडून जवारीचा दोरा किंचित सरकवा आणि वरचे कोणते स्वर उजळले, कोणते विझले, ते ऐका. हार्मोनिक्स हा विषय पुस्तकातून समजण्याआधी असा कानातून समजलेला बरा. तबला मुद्रित करताना दायाँ आणि बायाँला वेगवेगळे माइक लावा, मग एकाची पोलॅरिटी उलटवा. बायाँचा घुमारा एका स्थितीत भरतो आणि दुसऱ्या स्थितीत पोकळ होतो. फेज म्हणजे काय, हे मुलाखतीत विचारलं तर व्याख्येऐवजी हा अनुभव सांगा.

कान तयार करायचे तर ते जपायलाही हवेत. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 88 ला चार तास आणि 100 ला फक्त पंधरा मिनिटं. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत सीओईपीची मंडळी दर वर्षी लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात आणि काही वर्षांची सरासरीच 100 च्या वर गेलेली आहे. ढोल पथकात वाजवणाऱ्या मुलांपैकी अनेकांना ध्वनिक्षेत्रात यायचं असतं, आणि त्यांच्याविषयी मला खरी काळजी वाटते. पथक सोडा असं मी म्हणणार नाही, पण कानात बोळे घातल्याशिवाय सरावालाही उभे राहू नका. अर्जाच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओग्राम काढून घ्या आणि तो जपून ठेवा. पुढे दर वर्षी तुलना करायला तो लागेल.

पैशांचं थोडक्यात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता काढताना पहिल्या दोन-तीन वर्षांची कमाई अनियमित असेल असं धरूनच चाला. या धंद्यात बहुतेक जण कामागणिक मोबदला घेतात, आणि काम संपल्यावर पैसे हाती यायला दोन-तीन महिने लागणं नेहमीचं आहे. चित्रपटाच्या बाहेरही काम आहे. स्टोरीटेलने 2017 साली भारतात मराठीसह सुरुवात केल्यापासून मराठी बोलक्या पुस्तकांचं वेगळं दालन उघडलं, आणि पॉडकास्ट, जाहिराती, संग्रहालयांतली ध्वनि-सफर, गेम्स यांनाही नेटका आवाज हवा असतो. परदेशी जाणार असाल तर शिक्षणानंतर तिथे किती काळ राहता येतं याचे नियम त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच वाचा. एजंटाने सांगितलेलं लेखी मागा.

शेवटचं, नमुना-कामांबद्दल. निवड समितीला वीस ट्रॅक नको असतात. तीन पुरेत, आणि त्यातला एक संवाद आणि संगीत दोन्हींशिवाय केलेला, दोन मिनिटांचा असावा: एका जागेचा, एका प्रसंगाचा. पहाटेचा एसटी स्टँड, मासळी बाजार, सणाच्या आदल्या रात्रीचं स्वयंपाकघर. आवाज स्वतः जाऊन टिपा, लायब्ररीतून उचलू नका. ऐकणाऱ्याला ते पहिल्या दहा सेकंदांत कळतं. फाइल 48 किलोहर्ट्झ, 24 बिट वेव्हमध्ये ठेवा. सोबत अर्ध्या पानाचं टिपण जोडा: कुठला माइक, किती अंतरावर, काय अडचण आली, काय काढून टाकलं आणि का. गटात केलेल्या कामात तुमचा वाटा नेमका कोणता, हेही लिहा, आणि तो जेवढा होता तेवढाच लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो. पाठवण्याआधी फाइल एकदा फोनच्या स्पीकरवर, एकदा हेडफोनवर आणि एकदा दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ऐका. जे तिन्ही ठिकाणी खटकलं, तेवढंच दुरुस्त करा आणि मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवून द्या.